हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

२७ सप्टेंबर १९३८ ची रात्र. ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन नभोवाणीवरून आपल्या देशबांधवांशी बोलत होते. आवाज थकलेला होता, पण भाषणात कळकळ होती. ते जे बोलले त्याचा आशय असा : कुठल्याशा दूरच्या देशात, ज्यांच्याविषयी आपल्याला काहीही ठाऊक नाही अशा लोकांमध्ये भांडण लागावे आणि त्यापायी आपण इथे खंदक खणावेत, विषारी वायूचे मुखवटे चढवून पाहावेत, हे किती भयंकर, किती विलक्षण आहे!

खंदकांची गोष्ट खरी होती. लंडनच्या हाईड पार्कात कुदळी चालू होत्या. तीन कोटींहून अधिक मुखवटे लोकांत वाटले गेले होते. मुलांना खेड्यापाड्यांत हलवण्याच्या योजना तयार होत्या. त्या रात्री रेडिओपुढे बसलेल्या बायाबापड्यांना पंतप्रधानांचे म्हणणे अगदी मनातले वाटले असेल, यात नवल नाही.

पण तो दूरचा देश किती दूर होता? लंडनपासून प्राग सुमारे एक हजार किलोमीटर. आपल्या मुंबईपासून दिल्ली आकाशमार्गाने याहून अंमळ लांबच पडते. आणि जे सरकार सात हजार किलोमीटरवरच्या हिंदुस्थानवर राज्य चालवीत होते, त्याला मुंबई काही दूर वाटत नव्हती! तेव्हा दूर आणि जवळ हा काही नकाशावरचा प्रश्न नव्हता.

आज मी आपल्याशी बोलणार आहे ते या दूरच्या देशाविषयी आणि म्युनिचच्या कराराविषयी. 'म्युनिच' हा शब्द पुढे नुसती शिवी होऊन बसला. कोणी शत्रूशी वाटाघाटी करायला निघाला, की विरोधकांनी 'म्युनिच, म्युनिच' म्हणून ओरडावे असा प्रघातच पडला. १९५६ साली सुएझच्या वेळी ईडनसाहेबांनी इजिप्तच्या नासरना मुसोलिनीच्या मापाने मोजले आणि स्वतःचा घात करून घेतला, तो याच शब्दाच्या धास्तीने. शिवी दिली की विचार करण्याचे काम संपते. म्हणून शिवी बाजूला ठेवून त्या वेळचा जमाखर्चच आपण जरा उघडून पाहू.

इंग्रजीत या धोरणाला 'अपीझमेंट' म्हणतात. आपण त्याला मनधरणी म्हणू. मनधरणी ही काही मुळात वाईट गोष्ट नव्हे. दिवाळसणाला रुसलेल्या जावयाची मनधरणी आपण करतोच की! पण तिथे एक गोष्ट आपल्याला पक्की ठाऊक असते : जावयाचा रुसवा मानपानाचा असतो, अंगठी बोटात गेली की तो संपतो. सासऱ्याचे घर त्याला नको असते. मागणाऱ्याला नेमके काय हवे आहे आणि ते मिळाल्यावर तो थांबणार आहे की नाही, या एका प्रश्नावर मनधरणीचे सारे शहाणपण अवलंबून असते.

आता तो देश पाहू. १९१८ साली पहिले महायुद्ध संपले, ऑस्ट्रियाचे साम्राज्य मोडले आणि त्यातून झेकोस्लोव्हाकिया हे प्रजासत्ताक जन्माला आले. मासारिक नावाचा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक त्याचा पहिला अध्यक्ष झाला. त्याच्यामागून १९३५ साली बेनेश आले. मध्य युरोपात एकामागून एक हुकूमशाह्या उभ्या राहत असताना या देशात निवडणुका होत होत्या, वर्तमानपत्रे मोकळेपणी लिहीत होती. देश छोटा, पण कारखानदारी मोठी. पिल्सेनचा श्कोडा कारखाना तोफांसाठी युरोपभर नावाजलेला. ब्रनो शहरात तयार झालेल्या एका मशीनगनीचा नमुना खुद्द इंग्रजांनी उचलला आणि तिला 'ब्रेन' नाव दिले. त्यातले 'ब्र' ब्रनोचे आणि 'एन' एनफील्डचे. आपल्या सैन्यातल्या जुन्या जवानांनी ही ब्रेनगन वर्षानुवर्षे खांद्यावर वाहिली आहे. म्हणजे ज्यांच्याविषयी काहीही ठाऊक नाही असे पंतप्रधान म्हणाले, त्यांची मशीनगन त्याच सुमारास ब्रिटिश पलटणींच्या हातांत येत होती!

या देशाच्या पश्चिमेकडचा भाग, म्हणजे बोहेमिया, डोंगरांच्या कड्यात बसलेला आहे. आपल्याकडे किल्ल्याला तट असतो तसा. १९३५ नंतर झेकांनी या डोंगरांतून काँक्रीटचे बुरूज बांधायला काढले होते. काम पुरे झाले नव्हते, आणि मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर दक्षिणेकडची बाजू उघडी पडली होती, हेही खरे. तरी तट तो तट. पण अडचण अशी की या तटाच्या आतबाहेर राहणारी वस्ती बव्हंशी जर्मन भाषा बोलणारी होती. तीस लाखांहून अधिक माणसे. त्यांना सुदेतन जर्मन म्हणत. त्यांच्या काही तक्रारी खऱ्या होत्या : सरकारी नोकऱ्यांत झेकांना झुकते माप मिळे, आणि मंदीत जर्मन भागातले कारखाने अधिक बसले. पण त्यांचा पुढारी हेनलाइन बर्लिनहून सूचना घेत होता, आणि सूचना अशी होती की सरकारला देता येणार नाही इतके नेहमी मागत जा. मग समेट व्हावा कसा?

इंग्रजांनी हे ओळखले नाही काय? काहींनी ओळखले होते. पण चेंबरलेन आणि त्यांचे सहकारी भित्रे होते असे मात्र मला वाटत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनची सात लाखांवर आणि फ्रान्सची तेरा लाखांवर माणसे मेली होती. चेंबरलेन यांचा अतिशय लाडका चुलतभाऊ १९१७ साली फ्रान्सच्या रणभूमीवर पडला होता. ज्याच्या घरातला मुलगा गेलेला नाही असे घर शोधावे लागे. पुन्हा ते नको, ही भावना भ्याडपणाची नव्हे. शिवाय व्हर्सायच्या तहात जर्मनीवर अन्याय झाला, ही बोच सुशिक्षित इंग्रजांच्या मनात होतीच. तिकडे पूर्वेला जपान चीनमध्ये शिरलेला, भूमध्य समुद्रात मुसोलिनी. तिन्ही शत्रूंशी एकदम लढण्याएवढे ना सैन्य, ना पैसा. सेनापतीच सांगत होते की झेकोस्लोव्हाकिया आपल्याला वाचवता येणार नाही. तेव्हा एकाला तरी शांत करावे, असे एखाद्या हिशेबी माणसाला वाटले तर ते समजण्यासारखे आहे. आणि चेंबरलेन हे बर्मिंगहॅमचे कारखानदार, नगरपालिकेत वाढलेले, हिशेबी होतेच. समोरचा माणूसही आपल्यासारखाच करारावर सही करून ती पाळणारा असेल, असे त्यांनी धरून चालले.

इथे आपल्या ओळखीचे एक गृहस्थ येतात. त्या वेळचे ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स म्हणजे कोण? तर आपले माजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन! १९३१ साली ज्यांनी गांधीजींना दिल्लीत समोर बसवून करार केला तेच हे. परराष्ट्रमंत्री होण्याआधी, नोव्हेंबर १९३७ मध्ये ते हिटलरला त्याच्या डोंगरावरच्या घरी भेटले. त्या भेटीला हजर असलेले ब्रिटिश वकिलातीतले कर्कपॅट्रिक यांनी नंतर लिहून ठेवले आहे, की हिंदुस्थानचा विषय निघाला तेव्हा हिटलरने सरळ सल्ला दिला : गांधींना गोळी घाला, तेवढ्याने भागले नाही तर काँग्रेसचे डझनभर पुढारी मारा, तरी जमले नाही तर दोनशे. हॅलिफॅक्स हे ऐकून चकित झाले. पण या एका वाक्यावरून समोरचा माणूस ओळखायला हवा होता, तो त्यांनी पुरता ओळखला नाही. गांधींसारख्या हट्टी माणसाशी बोलणी जमतात, मग याच्याशी का जमू नयेत, असे त्यांच्या मनात आले असेल काय? आले असल्यास ती फार महागात पडलेली तुलना होती. गांधीजींचा हट्ट मोठा असे, पण त्यांनी शब्द दिला म्हणजे तो शब्द होता.

यापूर्वीच्या पायऱ्या मी भराभर सांगतो. १९३५ साली ब्रिटनने हिटलरशी आरमारी करार करून जर्मनीला आपल्या आरमाराच्या पस्तीस टक्के आरमार बांधायला मोकळीक दिली. फ्रान्सला विचारलेही नाही. त्याच वर्षी मुसोलिनीने ॲबिसिनियावर स्वारी केली, आणि राष्ट्रसंघाला ती थांबवता आली नाही. मार्च १९३६ मध्ये हिटलरने तह मोडून ऱ्हाइनलँडमध्ये फौज घुसवली. ती फौज लहानशीच होती, पण कोणी हलले नाही. प्रत्येक वेळी युक्तिवाद तोच : एवढ्यासाठी का लढायचे?

मग आला १९३८ चा सप्टेंबर. पंधरा तारखेला एकोणसत्तर वर्षांचे चेंबरलेन विमानात बसले आणि हिटलरला भेटायला गेले. या वयात, विमानप्रवासाची सवय नसताना, शांततेसाठी त्यांनी हे केले. त्या धाडसाला नाव ठेवू नये. हिटलरने सुदेतन प्रदेश मागितला. चेंबरलेन परत आले, फ्रान्सशी बोलले, आणि मग दोघांनी मिळून बेनेशना निरोप धाडला : द्या. बेनेशनी मान्य केले नाही, तेव्हा २१ सप्टेंबरच्या पहाटे दोन वाजता ब्रिटिश आणि फ्रेंच वकील प्रागच्या राजवाड्यात गेले आणि झोपेतून उठवलेल्या त्या अध्यक्षाला त्यांनी बजावले की ऐकले नाहीत तर तुमचे तुम्ही पाहा. यातल्या फ्रान्सने १९२५ मध्ये झेकांच्या रक्षणाचा लेखी करार केलेला होता!

बेनेश झुकले. होकार खिशात घालून चेंबरलेन बावीस तारखेला पुन्हा जर्मनीला गोडेसबर्गला गेले. तिथे हिटलर म्हणाला, आता तेवढ्याने भागणार नाही; सैन्य ताबडतोब आत शिरले पाहिजे. मनधरणी करणाऱ्याला इथेच उत्तर मिळाले होते. मागितलेले दिले तरी मागणी वाढली. म्हणजे हा जावई अंगठीसाठी रुसलेला नव्हता. चेंबरलेनही संतापले. झेकांनी फौज उभी केली, दहा लाखांहून अधिक माणसे शस्त्रे घेऊन छावण्यांत जाऊन दाखल झाली. आणि मग सुरुवातीला सांगितलेले ते नभोवाणीवरचे भाषण.

दुसऱ्या दिवशी पार्लमेंटमध्ये चेंबरलेन बोलत असतानाच एक चिठ्ठी त्यांच्या हाती आली. हिटलरने म्युनिचला बैठक बोलावली होती. सभागृहात टाळ्यांचा आणि जयघोषाचा कडकडाट झाला.

२९ सप्टेंबरला म्युनिचला चौघे जमले : हिटलर, मुसोलिनी, चेंबरलेन आणि फ्रान्सचे दलादिए. रशियाला बोलावणे नव्हते. मुसोलिनीने मध्यस्थ म्हणून एक मसुदा पुढे ठेवला. तो बर्लिनमध्येच तयार होऊन त्याच्याकडे आला होता, हे इतरांना नंतर कळले. आणि ज्यांचा देश कापायचा त्यांचे काय? झेक सरकारचे दोन प्रतिनिधी म्युनिचला आले होते. त्यांना हॉटेलातल्या खोलीत बसवून ठेवले होते. दाराशी पोलीस. रात्री त्यांना एक नकाशा दाखवण्यात आला, द्यायचे भाग रंगवलेला. मध्यरात्र उलटून गेल्यावर, सह्या झाल्यावर त्यांना बोलावले आणि कागद हाती दिला. उत्तराची अपेक्षा नाही, असेही सांगण्यात आले. त्यातल्या एकाने आपल्या अहवालात नोंदवले आहे की चेंबरलेन त्या वेळी सारख्या जांभया देत होते. बिचारे दमले होते, दुसरे काय! पण एका राष्ट्राचे दान करताना दात्याला जांभया याव्यात, हे वाचताना अंगावर काटा येतो.

आपल्याकडे म्हण आहे, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. दान करायचे, पण दुसऱ्याच्या घराचे. म्युनिचच्या कराराची सारी कुंडली या म्हणीत आहे. जुन्या काळी मराठ्यांची स्वारी टळावी म्हणून लोक चौथाई देत. ती देण्यात शहाणपण होते की नव्हते याचा वाद इतिहासकार घालोत. पण देणारा ती आपल्या खजिन्यातून देत असे, त्यामुळे तिची झळ त्याला कळत असे. इथे झळ कोणाला आणि समाधान कोणाला! आणि झळ लागत नाही म्हणून दिलेली वस्तू किती मोलाची होती याचाही अंदाज राहिला नाही. सुमारे २९ हजार चौरस किलोमीटर मुलूख गेला, म्हणजे आपले पुणे आणि सातारा हे जिल्हे एकत्र केले तर होईल त्याहूनही थोडा अधिक. पण खरे गेले ते डोंगर आणि डोंगरांतले बुरूज. तट दिल्यावर आतल्या वाड्याला कुलूप लावून काय उपयोग?

चेंबरलेन परतले तेव्हा पावसात लोक रस्त्यांवर उभे होते. राजाने त्यांना राजवाड्याच्या सज्जात आपल्याशेजारी उभे केले. हिटलरच्या सहीचा कागद त्यांनी फडकवून दाखवला आणि आपल्या काळापुरती शांतता मिळाली असे सांगितले. पॅरिसच्या विमानतळावर गर्दी पाहून दलादिएंना वाटले, लोक आता आपल्याला मारणार. लोक जयजयकार करीत होते. मंत्रिमंडळातून एक डफ कूपर तेवढे राजीनामा देऊन बाहेर पडले. चर्चिल यांनी हा निखळ पराभव आहे असे पार्लमेंटमध्ये सांगितले. पण कराराच्या बाजूने ३६६ आणि विरुद्ध १४४ मते पडली.

हे दिवस पंडित नेहरूंनी युरोपात काढले. ऑगस्ट १९३८ मध्ये ते स्वतः झेकोस्लोव्हाकियात हिंडून आले होते, सुदेतन भागही त्यांनी पाहिला होता, आणि ब्रिटनच्या धोरणावर त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रातच टीका केली. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये लिहिले की ही शांतता म्हणजे हिंसेचाच विजय आहे, आणि झेकांना त्यांनी निःशस्त्र प्रतिकाराचा सल्ला दिला. तो सल्ला हिटलरपुढे कितपत चालला असता याबद्दल मला शंका आहे, पण मोठ्या राष्ट्रांनी लहानाचा सौदा केला हे त्यांनी स्पष्ट म्हटले. मार्च १९३९ मध्ये त्रिपुरीच्या अधिवेशनात काँग्रेसने म्युनिच करारावर आणि एकूण ब्रिटिश परराष्ट्र धोरणावर नापसंतीचा ठराव केला. पारतंत्र्यातल्या माणसांना ही गोष्ट चटकन कळली. आपल्याविषयीचे निर्णय दुसऱ्या खोलीत होतात आणि आपण बाहेर बसतो, याचा अनुभव त्यांना रोजचाच होता.

आता तुम्ही म्हणाल, पण ब्रिटनला एक वर्ष मिळाले ना? हा मुद्दा खोडून काढण्यासारखा नाही. सप्टेंबर १९३८ मध्ये हरिकेन विमाने मोजकी होती आणि स्पिटफायर तर त्याआधीच्या महिन्यात प्रथमच पलटणीत आले होते. रडारची साखळी अपुरी होती. १९४० च्या उन्हाळ्यात ज्यांनी इंग्लंड वाचवले ती विमाने आणि ते रडार या मधल्या काळात पुरे झाले. जनताही एकदिल झाली. प्रयत्न करून पाहिला, आता इलाज नाही, असे प्रत्येकाला वाटू लागले. हे जमेला धरलेच पाहिजे.

पण वर्ष काही एकट्या ब्रिटनला मिळाले नाही. खर्चाची बाजू पाहा. म्युनिचनंतर पोलंडनेही टेशेनचा लचका तोडला, हंगेरीने दक्षिणेचा पट्टा घेतला. १४ मार्च १९३९ च्या रात्री झेकांचा नवा अध्यक्ष, म्हातारा हाखा, बर्लिनला गेला. प्रागवर बाँब टाकू अशी धमकी गोअरिंगने दिली तेव्हा तो बेशुद्ध पडला. डॉक्टरांनी सुई टोचून शुद्धीवर आणला आणि पहाटे त्याची सही घेतली. त्या दिवशी बर्फ पडत होते. संध्याकाळी हिटलर प्रागच्या किल्ल्यात होता. म्युनिचला ब्रिटन-फ्रान्सने उरलेल्या देशाच्या सरहद्दीची हमी दिली होती. पण देशच आतून मोडला, आता हमी कसली, असे चेंबरलेननी पार्लमेंटला सांगितले. (दोन दिवसांनी बर्मिंगहॅमच्या भाषणात मात्र त्यांचा सूर बदलला, आणि महिनाअखेर त्यांनी पोलंडला हमी देऊन टाकली.)

त्या सकाळी हिटलरच्या हाती काय पडले, ते त्यानेच एप्रिलमध्ये आपल्या सभागृहात मोजून दाखवले : दीड हजारांवर विमाने, दोन हजारांवर तोफा, चारशेंवर रणगाडे, दहा लाखांवर रायफली. शिवाय कारखाने. एक गोळी न झाडता. मे १९४० मध्ये जर्मन रणगाडे फ्रान्समध्ये घुसले, त्यांतले तीनशेहून अधिक झेक कारखान्यांत बनलेले होते. रोमेलची प्रसिद्ध डिव्हिजन तर मुख्यतः त्यांवरच चालत होती. फ्रान्सने आपल्या दोस्ताला सोडले होते, आणि त्या दोस्ताचेच रणगाडे फ्रान्सवर चालून आले. तिकडे मॉस्कोत स्टालिनने म्युनिचवरून आपला धडा घेतला होता. २३ ऑगस्ट १९३९ ला त्याने हिटलरशी करार केला आणि पूर्वेकडचा धाकही संपला. मिळालेल्या वर्षाच्या समोर एवढे सगळे मांडायला हवे. माझ्या मते खाते तोट्याचे आहे. विमाने वाढली ती खरी, पण एक अख्खे सैन्य, एक तट आणि दिलेल्या शब्दाची किंमत, या तीन गोष्टी कोणत्याही कारखान्यात वर्षभरात बनत नाहीत.

राहता राहिले ते सुदेतन जर्मन, ज्यांच्या नावाने हे सारे झाले. त्यांच्यातही हिटलरचे विरोधक होते. समाजवादी होते, कामगार संघवाले होते. ऑक्टोबर १९३८ मध्ये ते जीव घेऊन उरलेल्या झेक मुलखात पळाले, आणि त्यांपैकी कित्येकांना परत धाडण्यात आले. तिकडे त्यांची वाट तुरुंग आणि छळछावण्या पाहत होत्या. बाकीच्यांनी जर्मन फौजांवर फुले उधळली. सात वर्षांनी, युद्ध संपल्यावर, झेकोस्लोव्हाकियाने यांपैकी सुमारे तीस लाखांना देशाबाहेर काढले. माणशी हातात मावेल एवढे सामान नेण्याची परवानगी होती. कोणी हिटलरचा होता की त्याच्याविरुद्ध, याची चौकशी बहुतेक वेळा झाली नाही. ब्रिटनने म्युनिचचा करार आपल्याला बांधत नाही असे १९४२ मध्येच कळवून टाकले होते. पश्चिम जर्मनीने आणि झेकोस्लोव्हाकियाने ११ डिसेंबर १९७३ रोजी प्रागला तह करून तो रद्दबातल ठरवला. तोपर्यंत त्या डोंगरांतल्या गावांवर झेक नावांच्या पाट्या लागून पाव शतक उलटले होते, आणि काही गावे तर नकाशावरूनच नाहीशी झाली होती.